निवडायची मे महिन्यात, आणायची दसऱ्याला: नागपुरात पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

गाडी घरी दसऱ्याला आणा, पाडव्याला आणा, तोरण बांधा, नारळ फोडा. पण नागपुरात राहणाऱ्याने गाडी निवडायला मात्र मे महिन्यात जावं, आणि तेही दुपारी दोन वाजता. पारा कधीकधी ४५ च्याही वर जातो, बर्डीवरचे रस्तेसुद्धा ओस पडलेले असतात, डांबर चपलेला चिकटतं. अशा वेळी शोरूमच्या अंगणात तासभर उन्हात उभी असलेली गाडी उघडून आत बसा. पुढच्या दहा मिनिटांत ती गाडी स्वतःबद्दल जे सांगते, ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

मी गाड्यांच्या धंद्यात नाही. वडिलांच्या फियाटवर, स्टीअरिंगला लागून असलेल्या गिअरच्या दांड्यावर, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यांवर शिकलो आणि तेव्हापासून हे वेड आहे. नात्यातलं, ओळखीतलं कुणी गाडी घ्यायला निघालं की मला सोबत नेतात. त्या फेऱ्यांमध्ये लोक कुठे फसतात आणि कुठे उगाच घाबरतात, ते पाहत आलो. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांसाठी ते सगळं इथे क्रमाने मांडतो आहे.

पहिली पायरी: वही

शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज कुठे गेलात, किती किलोमीटर, सोबत किती माणसं, गाडी कुठे उभी केली असती, एवढंच लिहायचं. मनीषनगरहून मिहानला रोज जाणारा माणूस, गांधीबागेत दुकान असलेला माणूस आणि दर शनिवारी काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत जाणारा माणूस, हे तिघं एकाच किमतीची गाडी शोधत असले तरी तिघांना लागणारी गाडी वेगळी आहे. पहिल्याला मोकळा रस्ता आणि चांगला एसी हवा. दुसऱ्याला आखूड, पटकन वळणारी गाडी. तिसऱ्याला उंची, भक्कम टायर आणि मोठी डिक्की.

वर्षातून एकदा सगळं कुटुंब चिखलदऱ्याला जातं म्हणून सात सीटची गाडी घेऊन उरलेले ३६४ दिवस एकट्याने ती महालात पार्क करायला जागा शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. चिखलदऱ्याला भाड्याची गाडी नेता येते.

दुसरी पायरी: पैसे

पाटीवरची किंमत एक्स-शोरूम असते. तुमच्या खिशातून जाते ती ऑन-रोड, म्हणजे आरटीओचा कर आणि विमा धरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाची गाडी असेल तर १८ टक्के, त्याहून मोठी असेल तर ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. हा कर एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. त्यावर आरटीओचा कर येतो: महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. इलेक्ट्रिकला राज्याच्या धोरणात या करातून सूट आहे. १० लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. पुष्कळ लोक मागतच नाहीत.

आता हप्ता. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला साधारण १६,६०० बसतात आणि एकूण व्याज दोन लाखांच्या आसपास जातं. तेच सात वर्षांवर नेलं की हप्ता १२,९०० च्या जवळ येतो, व्याज मात्र २ लाख ८० हजारांवर. सेल्समन नेहमी सात वर्षांचा हप्ता दाखवतो, कारण तो ऐकायला गोड लागतो आणि त्याच हप्त्यात वरचं मॉडेल बसतं. माझं मत स्पष्ट आहे: पाच वर्षांत फिटत नसेल ती गाडी आत्ता तुमची नाही. एक पायरी खालचं व्हेरिएंट घ्या, किंवा नीट जपलेली जुनी घ्या.

तिसरी पायरी: पेट्रोल, डिझेल, सीएनजी की वीज

इथे वहीचा उपयोग होतो. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणं असेल, त्यातलं बरंचसं शहरात, तर साधं पेट्रोल. टर्बो नसलेलं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिळत असेल तर मी ते आधी बघेन. टर्बोचा पिकअप झकास असतो, पहिल्यांदा चालवताना अंगावर काटा येतो. पण शहरात ॲव्हरेज पायाच्या वजनावर फार बदलतं, आणि उन्हात, एसी फुल, रहाटे कॉलनीच्या सिग्नलला रेंगाळताना ते कागदावरच्या आकड्यापासून बरंच लांब जातं.

हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणारच. नवी गाडी या इंधनासाठी बनलेली असते, तिची काळजी नको. एप्रिल २०२३ च्या आधीची जुनी गाडी घेत असाल तर मात्र तिच्या कंपनीच्या पुस्तिकेत कोणतं पेट्रोल चालतं ते वाचा, आणि मिस्त्रीकडून इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्या.

डिझेलबद्दल जुना समज डोक्यात घट्ट बसला आहे की डिझेल म्हणजे स्वस्त. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला, तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी एक गाळणी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं हायवेच्या वेगाने धावावी लागते. रोज धरमपेठ ते सदर एवढंच जाणाऱ्याची गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च मोठा येतो. आठवड्याला अमरावती, चंद्रपूर किंवा गोंदिया करणाऱ्याने डिझेल खुशाल घ्यावं. त्या कामाला अजूनही त्याच्यासारखं इंजिन नाही. लांब पल्ल्यावर इंजिन सावकाश फिरत असतानाही मिळणारी ती ओढ मला मनापासून आवडते.

सीएनजी घेण्याआधी नागपूरचा इतिहास लक्षात ठेवा. आपल्याकडे मुंबई-पुण्यासारखी पाइपलाइन नव्हती, द्रवरूप गॅस टँकरने आणावा लागे. त्यामुळे २०२२ मध्ये इथे सीएनजी १२० रुपये किलोपर्यंत गेला होता, म्हणजे जवळजवळ पेट्रोलच्या भावाला. म्हणून आजचा भाव विचारा, तुमच्या रोजच्या वाटेवर पंप किती आहेत ते मोजा आणि संध्याकाळी सात वाजता त्या पंपावर रांग केवढी असते ते स्वतः जाऊन बघा. डिक्कीतली टाकी बघताना प्रवासाची बॅग सोबत न्या.

इलेक्ट्रिकचं गणित आकर्षक आहे. महिन्याला हजार किलोमीटर, पेट्रोल गाडी लिटरला १५ देते, लिटरला १०४ रुपये धरा, तर सात हजारांच्या आसपास. इलेक्ट्रिक गाडी युनिटला सात किलोमीटर गेली आणि युनिट ११ रुपयांना पडलं, तर १,६०० च्या आसपास. फरक खरा आहे, पण दोन अटींवर. पहिली, स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवता आला पाहिजे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बुकिंगच्या आधी सोसायटीची लेखी संमती घ्या आणि मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर कशी जाईल ते इलेक्ट्रिशियनला दाखवा. दुसरी, ऊन. बॅटरीला सगळ्यात जास्त त्रास उष्णतेचा. म्हणून बॅटरी थंड ठेवायला द्रवाची व्यवस्था आहे का, हे विचाराच. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारच्या बॅटऱ्या उष्णता बऱ्या सोसतात. मे महिन्यात भर दुपारी फास्ट चार्जिंगला लावू नका, रात्री घरी हळूहळू भरा. आणि समृद्धी महामार्गावर १२० ने जाताना रेंज झपाट्याने घटते, कारण वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा त्याच्या वर्गाने वाढतो. शहरात तीनशे किलोमीटर देणारी गाडी तिथे तेवढं देणार नाही, हे धरूनच थांबे ठरवा.

चौथी पायरी: गिअर

मला स्वतःला क्लच आणि गिअरची गाडी आवडते, हातात काहीतरी असल्यासारखं वाटतं. तरी नवशिक्याला मी ऑटोमॅटिक घ्या म्हणतो. रस्त्यावर लक्ष राहतं. त्यात एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने बदलणारी, सर्वांत स्वस्त, ॲव्हरेज चांगलं, पण गिअर बदलताना डोकं पुढेमागे डुलतं आणि चढावर ती किंचित मागे सरकू शकते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा प्रकार, जुना, मजबूत, गुळगुळीत. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेली, शहरात लोण्यासारखी. दोन क्लचची डीसीटी चालवायला सगळ्यात मजेची, पण ज्या डीसीटीचे क्लच कोरडे असतात ती रांगेत सरकत-थांबत गेली की तापते. नागपूरच्या उन्हात मी कोरड्या क्लचची डीसीटी शहरातल्या रोजच्या वापरासाठी घेणार नाही. सेल्समनला विचारा, क्लच तेलातले की कोरडे. त्याला उत्तर माहीत नसेल तर वर्कशॉपमधल्या माणसाला बोलवायला सांगा.

पाचवी पायरी: काय नको ते ठरवा

आजच्या गाड्यांवर माझा राग आहे तो इथे. काचेचं मोठं छत. सनरूफमधून बाहेर डोकं काढणं धोक्याचं आहेच, पण नागपुरात त्या काचेखाली मे महिन्यात बसणं म्हणजे डोक्यावर तवा धरणं. पडदा ओढला तरी पडद्यातून झळ खाली येते. ज्या व्हेरिएंटमध्ये सनरूफ नाही पण मागे एसीचे झरोके आहेत, ते घ्या. मागच्या सीटवर बसलेल्या आईला सनरूफचा काही उपयोग नाही, झरोक्याचा आहे.

दुसरा राग टचस्क्रीनच्या पडद्यांवर. एसीचा पंखा कमीजास्त करायला टचस्क्रीनवर तीन वेळा बोट लावावं लागत असेल तर ती गाडी बनवणाऱ्याने चालवणाऱ्याचा विचार केलेला नाही. गोल फिरणारी बटणं न बघता हाताला सापडतात. उन्हात तापलेला पडदा हळू चालतो, त्यावर ऊन पडलं की दिसतही नाही. एसीला खरी बटणं आहेत का, हे माझ्या यादीत सनरूफच्या कितीतरी वर आहे.

आतला रंग काळा की फिकट, याचाही विचार करा. काळं आतून भारी दिसतं आणि भट्टीसारखं तापतं. बाहेरून पांढरा किंवा चंदेरी रंग घ्या. आपल्याकडे एवढ्या पांढऱ्या गाड्या का दिसतात, ते एका उन्हाळ्यात कळतं. काळी फिल्म लावून घेऊ म्हणाल तर पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, हा नियम आहे. सीटमधून गार हवा सोडणारी सोय मिळत असेल आणि परवडत असेल तर घ्या. दिखाव्याच्या सोयींच्या गर्दीत ही एक खरी कामाची आहे.

सहावी पायरी: जीव

१ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची चाचणी सुरू आहे. गाडी आदळवून बघतात, मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण देतात, त्यावरून तारे ठरतात. तारे बघाच, पण तिथे थांबू नका. चाचणी झालेल्या गाडीत किती एअरबॅग होत्या आणि तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटमध्ये किती आहेत, ते जुळवा. सहा एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारं ईएससी, मागच्या तिन्ही सीटना तीन टोकांचे पट्टे आणि लहान मूल असेल तर आयसोफिक्स, म्हणजे मुलाची सीट घट्ट अडकवायच्या कड्या. या चार गोष्टींसाठी म्युझिक सिस्टीम सोडा, अलॉय व्हील सोडा.

आणि मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावायचा. आपल्याकडे कुणी लावत नाही. तुमच्या गाडीत पहिल्या दिवसापासून तो नियम करा, सासरे असोत की साहेब.

रडारवर आपोआप ब्रेक लावणाऱ्या एडीएएसबद्दल विचारतात. हायवेवर उपयोगी आहे. शहरात, जिथे डावीकडून स्कूटर घुसते, समोर गाय बसलेली असते आणि रस्त्यावर पट्टेच नसतात, तिथे ती गोंधळून अचानक ब्रेक मारू शकते आणि मागचा येऊन ठोकतो. ती बंद-चालू कशी करायची, हे आधी शिका.

सातवी पायरी: टेस्ट ड्राइव्ह

या पायरीला पूर्ण दिवस द्या. शोरूमवाले तुम्हाला दोन किलोमीटरचा, सरळ, सपाट रस्ता दाखवतात. तो नाकारा. नम्रपणे सांगा की वाट मी ठरवणार. दोन शोरूमनी नाही म्हटलं तर तिसरीकडे जा, गाडी तीच मिळते.

माझी ठरलेली वाट अशी. दुपारी दोनला उन्हातली गाडी घ्यायची, घरची पाच माणसं बसवायची, दारं लावून एसी फुल करायचा आणि गाडी जागीच उभी ठेवायची. गाडी उभी असताना एसीची खरी परीक्षा होते, कारण पुढून वारा लागत नाही. मागच्या सीटवरच्या माणसाला विचारत राहा, गार वाटायला किती वेळ लागला. एका गाडीला आमच्याकडे चार मिनिटं लागली, तिच्याच किमतीच्या दुसरीला अकरा. चालताना दोघींचे एसी सारखेच वाटले होते.

मग महाल. बडकस चौकाकडून आतल्या गल्ल्यांत घाला, जिथे समोरून ई-रिक्षा येते आणि तुम्हाला मागे घ्यावं लागतं. मागची काच केवढी, खांब किती जाड, आरशात काय दिसतं, स्टीअरिंग किती फिरवावं लागतं, सगळं दहा मिनिटांत समजतं. तिथून रामझुला पुलाचा चढ. पाच माणसं आणि एसीसह गाडी धापा टाकते का ते ऐका. आमचे एक मिस्त्रीकाका म्हणतात, "भाऊ, गाडी आवाजानं बोलते. तुमी पहिले रेडिओ बंद करा." सेल्समन गाडीत बसल्याबरोबर गाणी लावतो, ती बंद करा.

नंतर वर्धा रोडचा डबल डेकर उड्डाणपूल. सत्तर-ऐंशीला स्टीअरिंग स्थिर राहतं का, बाजूने ट्रक गेला की गाडी डोलते का. उतरून मनीषनगरच्या बाजूला वस्तीतले स्पीडब्रेकर. पाच माणसं बसवून गाडी खाली घासते का, हे कळायला दुसरा उपाय नाही. ग्राउंड क्लिअरन्सचा छापलेला आकडा भरल्या गाडीचा असेलच असं नाही. एखाद्या मॉलच्या तळघरातून वर येणारा रॅम्प मिळाला तर मधे थांबून पुन्हा निघा. नवशिक्याचा घाम तिथेच निघतो. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, असेल तर किती सेकंद धरते तेही मोजा.

एवढं झाल्यावर संध्याकाळी पुन्हा या. फक्त हेडलाइट बघायला. शहराबाहेर, काटोल रोडसारख्या अंधाऱ्या रस्त्यावर. पांढरेशुभ्र एलईडी दिवे कोरड्या रस्त्यावर सुंदर दिसतात, काळ्या ओल्या डांबरावर त्यांचा उजेड कधीकधी गिळला जातो. जमलं तर पावसातही बघा.

आणि घरातली जी व्यक्ती सगळ्यात ठेंगणी आहे आणि जिचे गुडघे दुखतात, तिला स्वतः चढू-उतरू द्या. माझ्या मावशीने एका चकचकीत एसयूव्हीतून उतरताना दाराला धरून क्षणभर डोळे मिटले. कुणी काही बोललं नाही, पण ती गाडी तिथेच बाद झाली.

आठवी पायरी: जुनी घेत असाल तर

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी घराघरांत शिरलं. अंबाझरी लेआउट, धरमपेठ, शंकरनगरच्या भागात पार्किंगमधल्या गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या. त्यातल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आल्या असणार. म्हणून जुनी गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या खालचे रूळ, गालिच्याखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा बघा. गंज आणि कुबट वास धुऊन जात नाहीत. विमा कंपनीकडे त्या तारखेच्या आसपास मोठा क्लेम झाला आहे का, तेही विक्रेत्याकडून कागदावर मागा.

दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांचा मोह होतो. तिथे जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं आल्यामुळे त्या बाहेरच्या राज्यांत येतात. तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८, इथला कर नव्याने भरणं आणि एमएच-३१, एमएच-४९ किंवा एमएच-४० चा नवा नंबर, हा सगळा खर्च आणि वेळ धरला की स्वस्ताई विरघळते. आपल्याच शहरातली, एकाच मालकाने वापरलेली, सर्व्हिसिंगची बिलं जपलेली गाडी थोडी महाग मिळाली तरी घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५. हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नववी पायरी: बुकिंग ते डिलिव्हरी

ऑन-रोड किमतीचा कागद ओळीनुसार मागा. हँडलिंग, लॉजिस्टिक अशा नावाची रक्कम दिसली तर कशासाठी ते विचारा आणि काढायला लावा. कोटिंग, मॅट, सीटकव्हरचं पॅकेज गळ्यात मारतात. सीटकव्हर बाहेर अर्ध्या किमतीत होतं, आणि एअरबॅग सीटच्या बाजूला असेल तर चुकीचं कव्हर तिला अडवू शकतं.

विमा शोरूममधूनच घ्यायचा असा कोणताही नियम नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा मिळतो. दोन-तीन ठिकाणचे दर आणा, शोरूमवाले बऱ्याचदा खाली येतात. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारा विमा, घ्या, आणि २०२३ पाहिलेल्या शहरात इंजिनाचं संरक्षण देणारी जोड घ्याच. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघितली की इंजिन जातं आणि साध्या विम्यात ते नुकसान बसत नाही. पाणी शिरलं असेल तर चावी फिरवू नका, टो करा.

नोंदणी व्हायच्या आधी तुमची म्हणून ठरलेली गाडी यार्डात जाऊन बघा. एकदा नंबर पडला की ती तुमची झाली, मग ओरडून उपयोग नाही. बनावटीचा महिना आणि वर्ष चेसिस नंबरवरून लेखी घ्या. मला एका शोरूमने आठ महिने यार्डात उन्हात उभी असलेली गाडी 'आजच आली' म्हणून दाखवली होती. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचले आणि गाडी बदलून घेतली. बॅटरीवरची तारीख, रंगावरचे ओरखडे, काचांवरची सारखी खूण, किलोमीटर आणि स्टेपनी बघा. हल्ली काही गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसती पंक्चरची पेटी असते, आणि ते डिलिव्हरीच्या दिवशी लक्षात येतं.

दहावी पायरी: पहिला महिना

हवा. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, टायर थंड असताना. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या आकड्याइतकी, पंपावरच्या पोराच्या अंदाजाने नाही. उन्हात हवा वाढते म्हणून कमी भरा, असं सांगणारे भेटतील. ते चूक आहे. कमी हवेचा टायर बाजूने दबतो, प्रत्येक फेरीत वाकतो आणि त्या वाकण्याने आतून तापतो. समृद्धीच्या काँक्रीटवर मे महिन्यात तासन् तास १२० ने जाताना असाच टायर फुटतो. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता सरळ, रिकामा, एकसुरी आहे. दर दीड-दोन तासांनी उतरा, टायरजवळ हात न्या. एखादा बाकीच्या तिघांपेक्षा जास्त गरम लागला तर पुढे जाऊ नका. आणि राष्ट्रीय महामार्गांवर चालणारा वार्षिक फास्टॅग पास तिथे चालत नाही, तो रस्ता राज्याचा आहे, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे ठेवून निघा.

पहिले हजार किलोमीटर इंजिन ताणू नका, एकाच वेगाने लांबवर पळवू नका. मी पहिल्या रविवारी रामटेकला नेतो. पहाटे साडेपाचला निघायचं, कामठीवरून मनसर, तिथून उजवीकडे. पन्नासेक किलोमीटरमध्ये हायवे मिळतो, गाव मिळतं, गडाचा चढ मिळतो. वर पोचलं की बोनेट उघडून खाली वाकून तेल किंवा पाणी कुठे ठिबकत नाही ना ते बघायचं, मग दर्शन. नऊच्या आत परत निघायचं, ऊन चढायच्या आधी.